सहा उशांची आंघोळ

अप्पांचा फोन ठेवल्यावर माईंनी ती बातमी आधी देवाला सांगितली आणि मग नवऱ्याला. घरातल्या बहुतेक बातम्या तक्रारसाहेबांना याच क्रमाने कळत, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला स्वतःची एखादी बाळगणं परवडत नाही.

तक्रारसाहेब हे नाव त्यांना नोकरीने दिलं होतं. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाच्या टेबलामागे त्यांची खुर्ची होती. पाणी येत नाही, पाणी जात नाही, पाणी येतं पण पिवळं येतं, शेजाऱ्याचं पाणी आमच्या भिंतीतून येतं, अशा सगळ्या तऱ्हा त्यांच्यापुढे यायच्या. "प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय काही सांगता येणार नाही," हे वाक्य ते इतक्या शांतपणे म्हणायचे की तापून आलेला माणूस तिथेच निम्मा निवायचा. इमारतीतल्या लोकांनाही त्यांनी शिस्त लावली होती. जिन्यात गाठून कुणी नळाबद्दल बोलायला लागलं की ते हात जोडून सांगत, "जिन्यात तक्रार नको. ऑफिसात फोन करून रीतसर नोंदवा." ही शिस्त पुढे त्यांच्याच अंगावर येणार होती, पण ते नंतर.

"उद्या संध्याकाळी येतायत अप्पा," माई म्हणाल्या. "चांगले पंधरा दिवस राहा म्हटलंय. बघू म्हणाले."

त्या 'बघू'पाशी माईंचा आवाज जरा अडकला. मागच्या खेपेलाही त्यांचे वडील पंधरा दिवसांसाठी म्हणूनच आले होते आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरून निघाले. का, कशाला, काही बोलेनात. माईंनी फारच खोदून विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाले, "उशीला जरा वास येतो गं. की माझंच नाक म्हातारं झालंय कोण जाणे." त्यानंतर दोन वर्षं ते फिरकले नव्हते. माईंनी त्या उशीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण दर फोनच्या शेवटी त्या "या की अप्पा" म्हणत, पलीकडून "बघू" येई, आणि फोन ठेवल्यावर त्या उगीचच कुठलंतरी स्वच्छ भांडं पुन्हा घासायला घेत.

तक्रारसाहेबांची जखम निराळी होती. उशीचा वास माईंच्या माहेरच्या अख्ख्या गोतावळ्यात पसरला होता. थोरला मेव्हणा फोनवर तब्येत विचारायच्या आधी "काय म्हणतायत तुमच्या उशा?" असं विचारायचा. एका लग्नात चुलत सासूबाईंनी कुणाला तरी त्यांची ओळख करून दिली ती "हे आपले वासाच्या उशीवाले जावई" अशी. सव्वीस वर्षं इस्त्रीचा शर्ट घालून, मान ताठ ठेवून कमावलेली अब्रू एका उशीने घालवली होती. डोक्यावरून पाणी जाणं त्यांना माहीत होतं. डोक्याखालून अब्रू जाणं हा प्रकार नवा होता.

तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं. उद्या रजा काढायची आणि घरातल्या सगळ्या उशा स्वतःच्या हातांनी धुवून काढायच्या. अप्पांनी डोकं टेकलं की त्यांना सकाळच्या उन्हाचा वास यायला हवा. बायकोला त्यांनी फक्त रजेचं सांगितलं, उशांचं नाही. नवऱ्याचा बेत आधी कळला की त्याच्यात दुरुस्त्या निघतात, हा त्यांचा अनुभव होता.

माईंना वाटलं, स्टेशनवर जायला रजा घेतली. त्यांना भरून आलं.

संध्याकाळी ते वरच्या मजल्यावर औषधवाल्यांकडे गेले. औषधवाल्यांचं कोपऱ्यावर दुकान होतं, आणि डॉक्टरांचं अक्षर वाचता येणारा माणूस काहीही सांगू शकतो अशी इमारतीची श्रद्धा होती. त्यांनी प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि औषधाच्या पुड्या बांधाव्यात तसं एकेक सांगितलं.

"गरम पाणी. कडकडीत नको, कोमट नको, मधलं. त्यात साबणाची पूड. दोन चमचे खायचा सोडा. आणि शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर."

"व्हिनेगर कशाला?"

"वासाला. वास वासाला मारतो. आमच्या उशा मी अशाच धुतो. आता झोपलं की ढगावर झोपल्यासारखं वाटतं."

"हाताने की मशीनमध्ये?"

"मशीन आहे ना घरात? मग हात कशाला झिजवायचे," औषधवाले म्हणाले. त्यांच्या उशा दुकानातून आणलेल्या, नायलॉनच्या धाग्याने भरलेल्या होत्या. तक्रारसाहेबांच्या घरच्या सहाही उशा कापसाच्या होत्या. पण आपल्या उशीत काय आहे हे कुणी कुणाला विचारत नाही. प्रत्यक्ष पाहणीचा आग्रह धरणाऱ्या माणसानेसुद्धा नाही.

आता माईंच्या मौनाबद्दल सांगायला हवं. आठवड्यातून एक दिवस उठल्यापासून दुपारच्या बारापर्यंत त्या बोलत नसत. पुष्कळ वर्षांचा नेम होता. दूध उतू गेलं, दाराशी कुणी आलं, एकदा तर कपाट अंगावर कलंडत होतं, तरी त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. बोटाने कपाटाकडे दाखवलं होतं, तेही मागाहून. मौनात पाटीवर लिहून सांगणाऱ्या बायका त्यांना माहीत होत्या, पण लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच, असं त्यांचं मत होतं. खुणांना थोडी सूट होती. तीही बेताची, पदर सावरावा इतपत.

उशांच्या आंघोळीचा दिवस नेमका तोच निघाला.

सकाळी माई पोथी वाचून उठल्या तर घरातल्या सहाही उशा अभ्रे उतरवून बाथरूमच्या दाराशी ओळीने ठेवलेल्या. त्यांच्या दोघांच्या दोन, पाहुण्यांच्या दोन, एक पाठीशी घ्यायची आणि एक कुणाची कोण जाणे, प्रत्येक घरात असते तशी. नवरा विजार दुमडून पाणी गरम करत होता. माई दाराशीच थांबल्या. कापसाची उशी पाण्यात घालायची नसते, हे त्यांना बोलायला यायच्या आधीपासून माहीत होतं.

त्यांनी हात हलवला.

"हो हो, तू बस," तक्रारसाहेब प्रेमाने म्हणाले. "आज तू काही करायचं नाहीस."

माईंनी उशीवर हात ठेवला आणि चिमटीत कापूस धरून ओढल्यासारखं केलं.

"पिळून काढीन की. अगदी घट्ट पिळीन."

माईंनी बोट वर केलं. म्हणजे, नुसतं गच्चीवर ऊन दाखवा. तक्रारसाहेबांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "बघतोय ना तो," ते म्हणाले. "त्याच्याच कृपेने होईल सगळं."

शेवटी माईंनी हात जोडले. नवऱ्याचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांत घरकामासाठी त्यांना बायकोने हात जोडले नव्हते. "अगं, आभार कसले त्यात," ते म्हणाले, आणि पहिल्या दोन उशा त्यांनी मशीनमध्ये कोंबल्या.

माई देवासमोर जाऊन बसल्या. जिवावरचा प्रसंग असेल तर मौन सोडायची मुभा होती. उशीचा जीव हा जीव धरायचा का, असं त्यांनी देवाला विचारलं. पण देवही त्या दिवशी मौनातच होता.

मशीनने पहिली काही मिनिटं सोशिकपणे काढली. मग उशांनी पाणी पिऊन अंग धरलं. एका बाजूला दोन कणकेच्या गोण्या टाकाव्यात तसा तोल गेला, आणि मशीन धडाधड उड्या मारत जागेवरून निघालं. थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं आणि वायर संपली तिथे थांबलं. तक्रारसाहेब त्याला मिठी मारून उभे होते, त्यामुळे तेही आले. झाकण उघडेना. उघडलं तेव्हा एक उशी उसवलेली होती आणि तिच्यातला कापूस साबणाच्या फेसात खिरीसारखा कालवला गेला होता.

शहाण्या माणसाने इथे हात जोडून देवाचं नाव घेतलं असतं. पण पाणीपुरवठ्यात आयुष्य घालवलेला माणूस पाण्यापुढे हार मानत नाही. त्यांनी उरलेल्या चार उशा बाथरूममध्ये घातल्या, वर औषधवाल्यांचं सगळं औषध ओतलं आणि दोन्ही पायांनी तुडवायला सुरुवात केली. पाच-दहा पावलांत आणखी एक शिवण गेली. पाणी आधी घोट्याला लागलं. मग वर. जाळीवर कापसाचा बूच बसला होता आणि पाणी जायचं नाव घेत नव्हतं. "पाणी जात नाही" ही तक्रार त्यांनी जन्मभर ऐकली होती. पायाखाली ती पहिल्यांदाच आली.

एवढ्यात फोन वाजला. त्यांच्या हाताखालचा कारकून होता.

"साहेब, रजेवर आहात माहीत आहे. पण एक तक्रार आलीय. छतातून पाणी ठिबकतंय."

"पत्ता लिहून घे. उद्या बघू."

"पत्ता तुमच्याच इमारतीचा आहे साहेब. तुमच्या खालच्या काकू. म्हणाल्या, जिन्यात सांगितलेलं साहेबांना चालत नाही, म्हणून फोन केला."

तक्रारसाहेबांनी बाथरूमकडे पाहिलं. पाणी उंबऱ्याला लागलं होतं.

"कुणाला पाठवू?"

"कुणाला नको," ते म्हणाले. "मी स्वतः पाहणी करतो."

त्यांनी जाळीत कोपरापर्यंत हात घालून मांजराच्या पिल्लाएवढा कापसाचा गोळा ओढून काढला. पाणी एक दीर्घ ढेकर देऊन जायला लागलं. मग त्यांनी विजारीचे पाय खाली सोडले, केस बसवले आणि ते खालच्या मजल्यावर गेले. काकू दारातच उभ्या होत्या. शिवणकाम करायच्या, आवाजाला धार होती, पण मनाने साध्या.

"बाई बाई, साहेब, फोन ठेवला नाही तोच हजर," काकू म्हणाल्या. "एरवी तुमच्या ऑफिसातून माणूस यायला नातवंडं शाळेत जायला लागतात."

"कुठे आहे गळती?"

गळती शिवणयंत्राच्या बरोबर वर होती. काकूंनी यंत्रावर पातेलं ठेवलं होतं आणि त्यात टप टप चाललं होतं. तक्रारसाहेबांनी हात मागे बांधले आणि छताकडे बराच वेळ पाहिलं, ऑफिसात बघत असत तसंच.

"वरून येतंय," काकू म्हणाल्या.

"असं दिसतंय खरं. पण पाणी वाट काढत कुठूनही येतं. नेमकं सांगता येत नाही."

"वर तुम्हीच राहता ना पण."

"राहतो."

एक थेंब त्यांच्या कपाळावर पडला. काकूंनी पातेल्यात बोट बुडवून वास घेतला. "साबण आहे. आणि आंबट काहीतरी. लोणच्याला पाणी सुटल्यासारखं. वरच्यांना काय करता हो अशा वेळी? नोटीस?"

"आधी समज देतो," तक्रारसाहेब म्हणाले. "सुधारले नाहीत तर नोटीस."

"मग द्या बाई समज. पण सौम्य शब्दांत द्या. त्यांच्या कोपराला फेस लागलाय."

तक्रारसाहेब मुकाट्याने वर आले.

घड्याळात बारा वाजले आणि माईंनी मौन सोडलं. त्या रागावल्या नाहीत. रागावायचं नाही असाही त्यांचा एक नेम होता, तो तर सगळ्या दिवसांचा. हळू आवाजात म्हणाल्या, "कापसाच्या उशा धुवायच्या नसतात हो. नुसतं ऊन दाखवायचं असतं."

"मग आधी नाही का सांगायचं?"

माईंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. ते मौन सकाळच्या मौनापेक्षा बरंच लांब वाटलं.

"अप्पा संध्याकाळी येतील," त्या मग म्हणाल्या, "आणि घरात टेकायला उशी नाही. वास येणारीसुद्धा नाही. एका रात्रीत परत जातील." एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि सर्वांत जड उशी उचलली. तक्रारसाहेबांना वाटलं, त्या आणखी दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असे. सेक्रेटरी म्हणजे नियमावर प्रेम करणारा माणूस. काहींचं फुलझाडांवर असतं तसं. दारात पाणी गळणाऱ्या उशा घेऊन उभं असलेलं जोडपं बघून त्यांनी चष्मा लावला.

"गच्चीवर अंथरूण-पांघरूण वाळत घालायला मनाई आहे. बोर्ड वाचलाय ना?"

"तो मजकूर मीच तपासून दिला होता," तक्रारसाहेब म्हणाले.

"मग?"

"उशी कुणी अंथरत नाही. आणि पांघरतही नाही."

सेक्रेटरी विचारात पडले. त्यांनी एकदा उशीकडे, एकदा आतल्या स्वतःच्या बिछान्याकडे पाहिलं. "मग ती मोडते कशात?"

"कशातच नाही."

"नियमात नाही म्हणजे परवानगी आहे, असं होत नाही साहेब."

"मनाई आहे असंही होत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कायद्याच्या दोन जाणकारांना एकमेकांबद्दल वाटतो तो आदर त्यांच्या चेहऱ्यावर होता. मधल्या काळात उशांतून त्यांच्या पायपुसण्यावर तळं साचलं. शेवटी सेक्रेटरींनीच किल्ली दिली. "कठड्याला टेकू नका. सकाळीच हिरवा रंग लावून घेतलाय, ओला आहे. स्वतः उभं राहून लावून घेतलाय."

उन्हात तासाभराने उशा वरून वाळल्या. आतून मात्र त्या तशाच होत्या, आणि सोडा, साबण, व्हिनेगर आणि ओला कापूस मिळून त्यांना एक नवाच वास सुटला होता. जुना वास निदान ओळखीचा तरी होता. माईंनी कात्री आणून सगळ्या खोळी उसवल्या आणि चादरींवर कापूस काढून पसरला. कापूस कसला, ओले गोळे. दुपार कलली तेव्हा ते वाळून बटाट्यासारखे घट्ट झाले.

"हे आता पुन्हा भरले," माई म्हणाल्या, "तर अप्पा रात्रभर दगडांवर झोपतील."

"मोकळा करू की," तक्रारसाहेब म्हणाले, आणि माई "थांबा हो" म्हणेपर्यंत त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यातला बांबू उचलून पहिल्या ढिगावर हाणला. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. घट्ट गोष्ट हाणली की सुटते. कापूस खरोखरच थोडा सुटला. सुटला तो वाऱ्यावर. एक पांढरा ढग वर उठला, गच्चीभर फिरला, त्यांच्या केसांत, मिशीत आणि माईंच्या पदरावर थोडा थोडा उतरला, आणि बाकीचा सगळा सेक्रेटरींच्या हिरव्या कठड्यावर जाऊन बसला. बघता बघता कठड्याला अंगभर लव फुटली. लांबून बघितलं असतं तर वाटलं असतं, इमारतीला म्हातारपण आलंय.

त्या सगळ्यात स्टेशनवर जायचं राहून गेलं. गाडी येऊन गेलेली होती. अप्पांनी वाट पाहिली, मग स्वतःच रिक्षा करून आले. घराचं दार सताड उघडं, आत कुणी नाही, मशीन स्वयंपाकघराच्या दारात आडवं, आणि बाथरूमपासून जिन्यापर्यंत साबणाच्या पावलांचे ठसे. ते ठसे धरून ते गच्चीवर आले.

दाराशी पिशवी हातात घेऊन अप्पा उभे राहिले. वाळक्या अंगाचे, स्वच्छ सदऱ्यातले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केल्यामुळे मान थोडी खाली झुकलेली. माईंच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"काय चाललंय हे, जावईबापू?"

"उशा धुतल्या अप्पा," तक्रारसाहेब म्हणाले. मिशीतला कापूस बोलताना हलत होता.

"का?"

"मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात. वास येतो म्हणून."

"मी?" अप्पा आठवू लागले. आठवलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "हो. म्हणालो खरा." त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. "हिने सारखं का जाता, का जाता म्हणून धरलं. काहीतरी सांगायला पाहिजे होतं. समोर उशी दिसली."

"म्हणजे वास नव्हता?" तक्रारसाहेबांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांपुढून मेव्हणा, चुलत सासूबाई, ते लग्न, सगळं ओळीने गेलं.

"उशीला उशीचा वास असतोच की. पण म्हणून कुणी जातं होय." अप्पांनी पिशवी खाली ठेवली. "कंटाळलो होतो हो. सकाळी चहा हातात, दुपारी ताट पुढ्यात. पाण्याचा पेला घ्यायला उठलो तर ही धावत यायची. 'तुम्ही बसा अप्पा.' बसून बसून माणूस किती बसेल? तीन दिवसांत आंघोळ तेवढी मी माझी केली. तिलाही पाणी हिनेच काढून ठेवलं होतं."

"मला वाटलं, तुम्हाला आराम मिळावा," माई म्हणाल्या.

"आराम दुकान बंद केल्यापासून करतोच आहे. घरी निदान आराम करायला कुणी सांगत नाही." बोलता बोलता अप्पा चादरीपाशी खाली बसले होते. हाताशी आलेला एक गोळा त्यांनी उचलला, उजेडाकडे धरून फिरवला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कडेचे तंतू चिमटीने सोडवायला लागले. हळूहळू गोळ्याला तोंड फुटलं. थोड्या वेळाने त्यांच्या मांडीवर मूठभर कापूस पडला, हलका, धुरासारखा.

"हे सगळं असंच करावं लागेल," ते म्हणाले. "हातानेच. तो बांबू बाजूला ठेवा आधी." मग त्यांनी ढिगांकडे नजर टाकली. सहा ढीग. "दोन-चार दिवसांचं काम नाही हे."

माई लगबगीने पुढे झाल्या. "तुम्ही उठा अप्पा, हात दुखतील, आम्ही दोघं करतो."

तक्रारसाहेबांनी बायकोच्या दंडाला हलकेच धरलं. आयुष्यात त्यांना फार गोष्टी वेळेवर कळल्या नव्हत्या. ही कळली. "अप्पा," ते म्हणाले, "आम्हाला काही हे जमणार नाही. तुम्हीच बघा."

"ते दिसतंच आहे," अप्पा म्हणाले.

त्या रात्री तिघेही टॉवेलच्या गुंडाळ्यांवर झोपले आणि सकाळी तिघांच्याही माना एकाच बाजूला वाकड्या होत्या. अप्पा त्याच वाकड्या मानेने चहा पिऊन गच्चीवर गेले.

मग ते रोजच चाललं. अप्पा सकाळी वर जात ते दुपारी जेवायला हाक मारल्यावर खाली येत, तेही कुरकुरत. खालच्या काकू "छत वाळलं का ते बघायला" म्हणून एकदा वर आल्या आणि चादरीपाशी बसल्या त्या बसल्याच. औषधवाले दुकानातून येता-जाता डोकावत. उशीत कापूस होता हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं ते प्रत्येक वेळी सांगत. सेक्रेटरींनी कठडा पाहिला तेव्हा त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. मग त्यांनी एक बोथट सुरी आणली आणि लव खरवडायला बसले. खरवडता खरवडता त्यांचं आणि अप्पांचं जुन्या किल्लीच्या घड्याळांवरून बोलणं निघालं. दुसऱ्या दिवशी ते घरातलं बंद पडलेलं घड्याळच घेऊन आले. कठडा अर्धा तसाच राहिला. माई चहा घेऊन जात आणि कप खाली ठेवून मुकाट परत येत. "बसा" हा शब्द तोंडातून निघू नये म्हणून त्या ओठ मिटून घेत. त्या म्हणायच्या, आठवड्याच्या मौनापेक्षा हा नेम अवघड आहे.

सोडवलेला कापूस फुलतो. सहा उशांचा कापूस सहा खोळींत मावेना. काकूंनी त्यांच्याकडच्या कापडातून आणखी खोळी शिवल्या. एक उशी त्यांनाच दिली, म्हणजे छताची तक्रार मिटली. एक सेक्रेटरींना दिली, म्हणजे कठडा मिटला. एक औषधवाल्यांनी मागून घेतली. तरी घरात पूर्वीपेक्षा एक जास्तच झाली. थोरल्या मेव्हण्याचा फोन आला आणि त्याने सवयीने उशांची चौकशी केली, तेव्हा तक्रारसाहेब शांतपणे म्हणाले, "अप्पांना विचारा. आमच्या घरचं ते खातं सध्या त्यांच्याकडे आहे."

अखेर एका संध्याकाळी अप्पांनी शेवटच्या उशीचा शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला, उशी मांडीवर घेऊन तिला दोन्ही बाजूंनी थोपटलं आणि इकडेतिकडे पाहिलं. चादरी रिकाम्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. खाली आल्यावर ते खुर्चीत बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, पाहुण्यासारखे.

"छान झालं की काम," ते म्हणाले. "बघू आता. उद्याच्या गाडीचं बघतो."

माई स्वयंपाकघरात होत्या. तक्रारसाहेब पाणी प्यायला आत आले तेव्हा त्या एक लखलखीत घासलेलं पातेलं पुन्हा घासत होत्या. त्यांनी वर न बघता, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं,

"अहो, आपल्या गाद्यांना जरा वास येतो का हो?"

गाद्या खोलीत होत्या, चार पावलांवर. पण तक्रारसाहेब तिकडे वळले नाहीत. प्रत्यक्ष पाहणी न करता निकाल देण्याची त्यांच्या सबंध नोकरीतली ही पहिलीच वेळ.

"येतो," ते म्हणाले. "चांगलाच येतो." आणि पाणी गरम करायला ठेवलं.